अख्ख्या ज्वारीचं कॅसरोल: दाणा कुठे शिजतो आणि पाणी कुठे जातं

अख्खी ज्वारी नाहीतर खपली गहू घालून बेक्ड कॅसरोल केलं की लोकांच्या तक्रारी दोनच असतात. एक, वरून चीज मस्त सोनेरी झालंय, फोटोही काढून झालेत, आणि पहिल्याच घासाला दाणा दाताखाली कचकच करतोय. दोन, वाढायला मोठा चमचा घातला तर तळाशी पाणीच पाणी. (कॅसरोल म्हणजे इथे चपात्यांचा गरम डबा नाही हां, खोलगट भांड्यात सगळं एकत्र करून ओव्हनमध्ये भाजलेला पोटभरीचा पदार्थ.) मग लोक मसाले बदलतात, चीज वाढवतात, ओव्हनमध्ये अजून वीस मिनिटं ठेवतात आणि तरी तेच होतं, कारण घोळ मसाल्यात नसतोच, पाण्याच्या हिशेबात असतो. दाण्याला हवं तेवढं पाणी त्याला ओव्हनच्या आधी मिळायला हवं आणि भाज्यांमधलं जादाचं पाणी ओव्हनच्या आधी जायला हवं. एवढं जमलं की बाकीचं फारसं अवघड नाही.

आधी ओव्हन नक्की करतो काय ते बघू. आपण १८० अंश लावतो म्हणजे भांड्यातला पदार्थ १८० ला पोचतो असं नाही, १८० असते ती आजूबाजूची हवा. पदार्थात जोवर पाणी आहे तोवर तिथलं तापमान शंभरच्या वर जातच नाही, आणि अशा घट्ट, जाड थराच्या अगदी मध्याला तर अर्ध्या तासानंतरही ते बऱ्याचदा शंभरच्या बरंच खाली असतं. उलट घरचा प्रेशर कुकर पूर्ण दाबाला आला की आत साधारण १२० अंश असतात आणि दाणा चहूबाजूंनी पाण्यात बुडालेला असतो. म्हणजे दाणा शिजवण्यात आपला जुना कुकर त्या महागड्या ओव्हनला सहज हरवतो. ओव्हनची कामं तीन: सगळं एकजीव गरम करणं, वरचं पाणी उडवणं, आणि वरचा थर खमंग करणं.

हे अमेरिकन रेसिपी वाचताना आपल्या लक्षात येत नाही. तिथलं सगळ्यात गाजलेलं कॅसरोल म्हणजे फरसबीचं, १९५५ साली कॅम्पबेल या सूप कंपनीच्या टेस्ट किचनमध्ये डॉर्कस रायली यांनी टीमबरोबर बसवलेलं, त्यात घालायचं काय तर शिजलेली फरसबी, डब्यातलं मशरूम सूप, दूध आणि वरून तळलेला कांदा. आधीच शिजलेल्या गोष्टी एकत्र करायच्या आणि ओव्हनने फक्त गरम करून बांधायच्या, सगळा प्रकार यावर उभा आहे. होल ग्रेन कॅसरोलच्या रेसिपीतही साहित्यात 'शिजवलेले' असा एक छोटासा शब्द असतो, तो नजरेतून निसटतो आणि आपण कच्ची ज्वारी धुऊन घालून मोकळे होतो. कच्चा ब्राउन राइस आणि भरपूर रस्सा घालून फॉइल घट्ट लावून तासभर भाजायच्या रेसिपी असतात, त्या चालतात, कारण तांदळाचा दाणा लहान आहे आणि भोवती पाणी मोकळं आहे. ज्वारीला तो न्याय लावू नका.

आता दाणा. कुठल्याही अख्ख्या धान्यात तीन भाग असतात, बाहेर कोंडा, एका टोकाला अंकुर, आणि बाकी सगळा पिठाळ भाग. पांढरा तांदूळ किंवा मैदा लवकर शिजतो कारण कोंडा काढून टाकलेला असतो. अख्ख्या दाण्यात पाण्याला आधी त्या कोंड्यातून वाट काढावी लागते. पिठाळ भागातला स्टार्च मऊ होण्यासाठी दोन गोष्टी एकाच वेळी हव्यात, उष्णता आणि पाणी. साधारण ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, आणि पाणीच पोचलं नसेल तर तुम्ही कितीही तापवा, ते कोरडेच राहतात. ज्वारीत अजून एक गंमत आहे. तिच्यातला स्टार्च काफिरिन नावाच्या प्रथिनाच्या जाळीत घट्ट बसलेला असतो आणि ओल्या उष्णतेत ही जाळी अजून आवळते, म्हणून ज्वारी शिजली तरी भातासारखी लगदा होत नाही, चावायला थोडी राहतेच. कॅसरोलसाठी हा गुणच आहे खरं तर, पण आत पाणी पोचलेलं असेल तरच.

म्हणून भिजवणं. रात्री भिजत घाला, आठ ते दहा तास, उन्हाळ्यात फ्रिजमध्ये नाहीतर आंबूस वास येतो. माझी वाटी साधारण २०० मिलीची आहे, त्या वाटीने एक वाटी ज्वारी घेतली तर शिजून पावणेतीन-तीन वाट्या होते. सकाळी भिजवलेलं पाणी टाकून द्या, कुकरमध्ये थेट तीन वाट्या ताजं पाणी आणि अर्धा चमचा मीठ घाला, मोठ्या गॅसवर एक शिट्टी, मग बारीक करून २० ते २५ मिनिटं, आणि कुकर आपापला निवू द्या. मीठ इथेच घालायचं, हे मी जरा ठासून सांगते, कारण नंतर सॉस कितीही चविष्ट केला तरी ती चव दाण्याच्या आत शिरत नाही आणि मग खाताना सॉस खारट, दाणा अळणी असं विचित्र लागतं. दाणा जुना असेल तर वेळ जास्त लागतो, तेव्हा घड्याळावर विसंबू नका.

त्यापेक्षा ही परीक्षा करा. चार-पाच दाणे चमच्यावर काढा, पोळपाटावर ठेवून सुरीने आडवे कापा आणि कापलेली बाजू उजेडात बघा. कडेने दाणा ओलसर, जरा पारदर्शक दिसेल, आणि मध्यभागी खडूसारखा पांढरा कोरडा ठिपका दिसला तर तिथवर पाणी गेलेलं नाही. तो ठिपका मोहरीएवढा असेल तर अजून दहा मिनिटं लागतील, टाचणीच्या टोकाएवढा असेल तर पाच. ठिपका गेला आणि काही दाण्यांची पाठ नुकती उकललेली दिसली की थांबा. नुसतं चावून बघितलं तर फसायला होतं कारण गरम दाणा तोंडात मऊच वाटतो, गार झाल्यावर खरा रंग दाखवतो.

शिजल्यावर ज्वारी चाळणीत ओतून दहा मिनिटं नीट निथळत ठेवा आणि खाली पातेलं ठेवा. ते पाणी फेकू नका, त्यात स्टार्च उतरलेला असतो, सॉसला उपयोगी पडतं.

टोमॅटो, चिंच, दही हे सगळं दाणा पूर्ण शिजल्यानंतरच. वरणात चिंच आधी घातली की डाळ शिजत नाही हे घरोघरी माहीत असतं, इथेही तेच होतं. धान्य-कडधान्याच्या पेशींच्या भिंती ज्या पदार्थांनी जोडलेल्या असतात ते आंबट पाण्यात सहजासहजी सुटत नाहीत, त्यामुळे अर्धकच्ची ज्वारी टोमॅटोच्या रश्शात टाकून 'ओव्हनमध्ये होईल की' म्हटलं तर ती होत नाही. बोअरच्या जड पाण्यातही कडधान्यं हट्टी होतात, तिथे शिजवायला फिल्टरचं पाणी वापरून बघा. चिमूटभर सोडा हा शॉर्टकट आहे, पण त्याने बी-१ जीवनसत्त्व जातं आणि जास्त पडला तर साबणासारखी चव येते, त्यामुळे मी तरी वापरत नाही.

पोटभरीचं व्हायला कडधान्य हवंच. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हा शरीराला लागणारा घटक कमी असतो आणि कडधान्यांत तो भरपूर असतो, म्हणजे भाकरीबरोबर पिठलं किंवा उसळ खाण्यामागचं गणित. मी चवळी घेते, अर्धी वाटी भिजवून शिजवली की सव्वा-दीड वाटी होते आणि लवकर मऊ पडते. राजमा घालायचा असेल तर तो रात्रभर भिजवून कुकरमध्येच पूर्ण शिजवा, कच्चट राजम्यातलं लेक्टिन नावाचं प्रथिन पोटाला फार त्रास देतं आणि मंद आचेवर कोमट-कोमट राहिला तर ते जात नाही.

भाज्यांचं प्रकरण मात्र जरा सविस्तर बोलायला हवं कारण तळाचं पाणी इथूनच येतं. पालकात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं, मशरूममध्येही तसंच, टोमॅटोत साधारण ९४, आणि दुधी तर जवळपास सगळं पाणीच. उष्णता लागली की पेशी फुटतात आणि ते बाहेर येतं. कढईत आलं तर वाफ होऊन उडून जातं, पण कॅसरोलमध्ये वर चीजचा थर आणि खाली काच, मग ते जाणार कुठे. म्हणून भाजी आधी कढईत परतून तिचं पाणी उडवायचं, झाकण न ठेवता. पाव किलो मशरूम रुंद कढईत मोठ्या गॅसवर टाकले की आधी पाणी सोडतात, आपल्याला वाटतं बिघडलं, पण तसेच परतत राहा, पाणी आटून परत चुरचुर आवाज यायला लागला आणि कडा तपकिरी झाल्या की झालं. पालक गरम कढईत दोन मिनिटं बसवून गार करा आणि मुठीत दाबून पिळा, जुडीचा एवढासा गोळा होतो. दुधी किंवा झुकिनी किसून मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवायची नि पिळायची, आपण कोशिंबिरीला काकडी पिळतो तशी. लाल भोपळा आणि गाजर त्यामानाने समजूतदार, फोडी तेलावर परतून अर्ध्या शिजवल्या तरी चालतात. बटाटा घालणार असाल तर उकडूनच, कच्च्या चकत्या टोमॅटोच्या शेजारी ठेवल्या तर तासाभरानेही टणक.

फोडणीत मी कांदा, भरपूर लसूण, दोन टोमॅटो अगदी तेल सुटेपर्यंत आटवलेले, धणेपूड आणि चमचाभर कांदा-लसूण मसाला एवढंच घालते. पिझ्झाबरोबर आलेल्या ऑरेगॅनोच्या पुड्या ड्रॉवरमध्ये साठल्यात म्हणून त्या संपवायची ही जागा नव्हे, ज्वारीची स्वतःची एक मातीकडची चव आहे तिच्यावर ते सगळं उपरं लागतं. अर्थात आवडत असेल तर घाला, तुमचं कॅसरोल.

आता बांधणारा भाग म्हणजे सॉस. व्हाइट सॉस मैद्याचाच लागतो असं काही नाही, कणकेचाही छान होतो, रंग जरा बदामी येतो इतकंच. तीन मोठे चमचे कणीक दोन मोठे चमचे लोण्यावर मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजा, मग दीड वाटी दूध आणि अर्धी वाटी ते ज्वारीचं निथळलेलं पाणी थोडं थोडं घालत ढवळा. दाट झाला की चमचा बुडवून त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा, रेघ तशीच राहिली की गॅस बंद. इथे एक प्रश्न नेहमी येतो की टोमॅटो आणि दूध एकत्र केल्यावर फाटत कसं नाही. कढीत ताकाला बेसन का लावतो, तसंच आहे ते, पिठातला स्टार्च फुगून दुधातल्या प्रथिनांच्या मध्ये मध्ये येतो आणि त्यांना गोळा होऊ देत नाही. म्हणून दूध आधी पिठाबरोबर दाट करायचं आणि नंतरच टोमॅटोच्या भाजीत मिसळायचं, उलट क्रम केला तर फाटण्याची शक्यता आहेच. ग्लुटेन (गव्हातलं चिकट प्रथिन) चालत नसेल त्यांनी कणकेऐवजी ज्वारीचं पीठ घ्यावं, दाटपणा स्टार्चचा असतो, ग्लुटेनचा नाही.

चीज किती हा ज्याचा त्याचा प्रश्न. साधं प्रोसेस्ड चीज वितळताना तेल सोडत नाही कारण त्यात तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे (इमल्सिफाय करणारे) क्षार असतात, मोझरेला ताणली जाते पण गार झाली की रबरी लागते, मी दोन्ही अर्धं-अर्धं घालते. शाकाहारी लोकांनी परदेशी पार्मेजान घेताना बघून घ्या, ते परंपरेने वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या विरजणासारख्या पदार्थाने, करतात. आपल्याकडच्या पाकिटावर हिरवा ठिपका आहे का ते बघितलं की काम झालं.

भांडं साधारण दोन लिटरचं, त्यात पाच-सहा जणांचं होतं. आतून तेलाचा हात, मग निथळलेली ज्वारी, चवळी, भाज्या आणि तीन-चतुर्थांश सॉस मोठ्या पातेल्यात कालवून भांड्यात भरायचं, उरलेला सॉस वरून. या टप्प्यावर मिश्रण चमच्यातून पडावं पण वाहू नये. दाणा अजून थोडं पाणी पिणार आहे हे लक्षात ठेवून अगदी कोरडं ठोक करू नका. वरच्या थरासाठी ब्रेडक्रम्सपेक्षा मला शिळ्या ज्वारीच्या भाकरीचा चुरा जास्त आवडतो. शिळ्या भाकरीतला स्टार्च परत घट्ट झालेला असतो त्यामुळे ती चिवट न होता कुस्करते, त्यात तेल, ठेचलेला लसूण, तीळ आणि थोडं जाडसर शेंगदाण्याचं कूट चोळून चीजवर पसरायचं, भाजल्यावर असं कुरकुरीत होतं की मुलं नुसता तोच थर खरवडून खातात.

ओव्हन १८० ला दहा-बारा मिनिटं आधी तापवून घ्या. पहिली २५ मिनिटं वर फॉइल, मग फॉइल काढून १० ते १५ मिनिटं. असं दोन टप्प्यात का, तर खमंग तपकिरी रंग येण्यासाठी वरच्या थराचं तापमान १४० च्या आसपास जावं लागतं आणि तो थर ओला आहे तोवर ते शंभरलाच अडकून राहतं. सुरुवातीपासून उघडं ठेवलं तर आतलं गरम व्हायच्या आत वरचं करपतं, शेवटपर्यंत झाकलं तर सगळंच वाफवल्यासारखं पांढुरकं. छोट्या ओटीजीमध्ये (घरगुती इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये) वरचा रॉड भांड्याच्या फार जवळ येतो, जाळी मधल्या नाहीतर खालच्या खाचेत लावा. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर फॉइल फक्त कन्व्हेक्शन मोडमध्ये, तेही मशीनच्या पुस्तकात चालेल म्हटलं असेल तरच. आणि काचेचं गरम भांडं ओल्या ओट्यावर किंवा फ्रिजमधलं गार भांडं थेट तापलेल्या ओव्हनमध्ये, दोन्ही नको, जाड काचही तडकते.

ओव्हन नसेल त्यांनी वाईट वाटून घेऊ नका. जाड बुडाच्या कढईत किंवा नॉनस्टिक पातेल्यात मिश्रण भरून खाली तवा ठेवून मंद आचेवर झाकून २५ मिनिटं ठेवा, सगळे घटक शिजलेलेच आहेत त्यामुळे आतून काही फरक पडत नाही. फक्त वरून खमंग होणार नाही, म्हणून तो भाकरीचा चुरा वेगळ्या तव्यावर भाजून वाढताना घाला.

बाहेर काढल्यावर १५ मिनिटं हात लावू नका, हे घरात कोणी पाळत नाही पण पाळायला हवं. गरम असताना सॉस पातळच असतो, निवताना स्टार्च परत जुळतो आणि मग चौकोनी तुकडा सरळ उचलता येतो.

ज्वारीच्या जागी दुसरं काय, तर खपली गहू हा माझा दुसरा नंबर, सातारा-सांगलीकडे आणि उत्तर कर्नाटकात होतो, खिरीसाठी मिळतो तोच, टरफल काढलेला घ्या, भिजवून कुकरमध्ये ज्वारीएवढाच वेळ. ग्लुटेन असतंच त्यात, कोणी नाही म्हणालं तर ऐकू नका. अमेरिकेत किंवा युरोपात असाल तर दुकानात फारो म्हणून जो मिळतो तो बहुतेक वेळा हाच गहू, मात्र पर्ल्ड लिहिलं असेल तर कोंडा बराचसा काढलेला आहे, अर्ध्या तासात उघड्या पातेल्यात शिजतो. जव चांगले, सॉस आपोआप दाट करतात. बाजरी थंडीत छान, दाणा लहान म्हणून लवकर होते, पण ताजीच घ्या, तिच्यातल्या स्निग्धांशामुळे जुनी झाली की कडू लागते. वरी आणि दलिया मला या कामात पटत नाहीत, मऊ होऊन सगळं उपम्याकडे झुकतं. विदर्भ-मराठवाड्याकडे ज्वारीच्या कण्या मिळतात, त्या तुटलेल्या असल्यामुळे पाणी सरळ पिठात शिरतं, भिजवलं नाही तरी चालतं, घाईच्या दिवशी तेच घ्या. शुगर असलेल्यांसाठी चालेल का हे विचारतात त्यांना एवढंच, अख्खा दाणा आणि कडधान्य यांनी पचन सावकाश होतं हे खरं, पण ते धान्यच आहे, ताटात भाकरी आणि वर हे असं नको.

उरलं तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, कारण शिजलेल्या धान्यात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू जिवंत राहू शकतात आणि रात्रभर ओट्यावर ठेवलं की ते वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं एक विष परत गरम केल्यानेही जात नाही. फ्रिजमध्ये तीन दिवस नीट राहतं. दुसऱ्या दिवशी दाणे घट्ट आणि सगळं कोरडं वाटेल, म्हणून दोन-तीन चमचे दूध शिंपडून झाकून गरम करा. नाहीतर थंडगारच वड्या कापा, रव्यात घोळवून तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा, आमच्याकडे तर निम्मं कॅसरोल यासाठीच मुद्दाम शिल्लक ठेवलं जातं.